मागे सरकायला जागा आहे का?

मुंबईत मागे सरकायला जागा नाही. इमारतींचे फोटो काढणाऱ्यांचं सगळं रडगाणं एवढ्या एका वाक्यात मावतं. फोर्टातल्या एखाद्या गल्लीत कोरीव सज्जा दिसावा, कॅमेरा डोळ्याला लावावा आणि मागे सरकता सरकता पाठ समोरच्या दुकानाच्या शटरला टेकावी. सज्जा तोवर अर्धाच आलेला असतो. दुकानदार म्हणतो, "मॅडम, जरा गिऱ्हाइकाला वाट द्या."

त्यामुळे कॅमेऱ्यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मोठा फुल फ्रेम बरा की लहान क्रॉप, हा वाद आमच्यात जरा वेगळ्या अंगाने घातला जातो. पोर्ट्रेटवाल्यांना मागची पार्श्वभूमी किती धूसर होते याची पडलेली असते. पक्षीवाल्यांना क्रॉप सोयीचाच, शिवडीच्या चिखलातला रोहित पक्षी घरबसल्या जवळ येतो. इमारतवाल्यांना हवी असते रुंदी, आणि क्रॉप सेन्सर पहिला हात घालतो तो नेमका रुंदीलाच.

माझा भाचा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्याकडे वडिलांची क्रॉप बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसता कॅमेरा, आणि तिच्यासोबत आलेली १८-५५ची किट लेन्स. लेन्सचे हे आकडे म्हणजे मिलिमीटरमधली फोकल लेंथ, आकडा जितका लहान तितकी लेन्स रुंद बघते. परवा आला आणि बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "मावशी, फुल फ्रेम घेतल्याशिवाय काही खरं नाही. क्रॉपवर पर्स्पेक्टिव्ह बिघडतं."

हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता रागही येत नाही. पर्स्पेक्टिव्ह ठरतं ते तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. जवळचा खांब केवढा दिसणार आणि लांबचा घुमट केवढा, हे तुमच्या पायाखालच्या जागेने आधीच ठरवून टाकलेलं असतं. सेन्सरला त्यात बोलायची सोय नाही. एकाच जागी उभं राहून फुल फ्रेमवर २४ एमएम आणि क्रॉपवर १६ एमएम लावा, दोन्ही फोटो एकावर एक ठेवले तर रेषेला रेष जुळते. फरक असतो तो लेन्सने पाडलेल्या चित्राचा केवढा तुकडा सेन्सर उचलतो, एवढाच. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरचा. निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६चा, कॅननचा त्याहून किंचित लहान. त्यातूनच ते दीडपट आणि कॅननचे १.६पट हे आकडे निघतात. २४ची लेन्स क्रॉपवर चढवली की ती ३६सारखी वागते. म्हणजे वाइडपणा गेलाच.

हे दुखणं डिजिटलच्या सुरुवातीपासूनचं. मोठा सेन्सर बनवणं फार महाग, म्हणून पहिले बहुतेक डिजिटल एसएलआर लहान सेन्सरचे निघाले. फिल्मच्या काळात पैपै जमवून घेतलेल्या २० आणि २४च्या लेन्स नव्या बॉडीवर एका रात्रीत अरुंद झाल्या. कॅननचा फुल फ्रेम वनडीएस २००२ साली आला खरा, पण त्याची किंमत ऐकूनच लोक घरी जायचे. निकॉनने २००३मध्ये खास क्रॉपसाठी १२-२४ची लेन्स काढली, तेव्हा कुठे इमारतवाल्यांच्या जिवात जीव आला. मग फुल फ्रेमचेच २००५ला कॅननचा फाइव्हडी, २००७ला निकॉनचा डी३. 'आर्किटेक्चरला फुल फ्रेमच पाहिजे' हे मत त्या चार-पाच वर्षांतलं आहे आणि त्या काळापुरतं ते बरोबरही होतं. आज क्रॉपसाठी १०-१८, १०-२०, १०-२४, ८-१६ अशा लेन्स बाजारात आहेत, सेकंडहँडही मिळतात. मत मात्र जागचं हललेलं नाही.

भाच्याला मी वहीच्या मागच्या पानावर एक गणित करून दाखवलं. दुकानाची पायरी चढण्याआधी ते प्रत्येकाच्या हातात असावं, म्हणून इथेही देते. कॅमेरा अगदी सरळ धरलाय, वर किंवा खाली कललेला नाही असं समजा. सेन्सरची अर्धी उंची भागिले फोकल लेंथ. जो आकडा येईल त्याला इमारतीपासूनच्या अंतराने गुणा. कॅमेऱ्याच्या वरचे तेवढे मीटर फोटोत येणार.

आता राजाबाई टॉवर घ्या. उंची २८० फूट, म्हणजे ८५ मीटर. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावाने पैसे दिले, १८७८ साली काम पुरं झालं. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि हे गृहस्थ मुंबईला कधी आलेच नाहीत, त्यामुळे टॉवरपुढे उभं राहून मागे सरकायची वेळ त्यांच्यावर आली नाही. फुल फ्रेमवर २४ची लेन्स, आडवी फ्रेम: १२ भागिले २४, म्हणजे अर्धा. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर धरला, तर टोक फ्रेममध्ये यायला १६७ मीटर मागे जायला हवं. तीच लेन्स क्रॉपवर लावली तर ७.८ भागिले २४, एक तृतीयांशाला थोडं कमीच. अंतर गेलं २५७ मीटरवर. समोर ओव्हल मैदान आहे म्हणून हे बोलायला तरी जागा आहे. तरी मध्ये कडेची उंच झाडं येतात, एकाच वेळी चाललेल्या क्रिकेटच्या पाच-सहा मॅचेस येतात आणि फ्रेमचा खालचा अर्धा भाग नुसतं गवत होऊन बसतो.

मग माणूस काय करतो, कॅमेरा वर करतो. उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे झुकतात आणि टॉवर मागच्या मागे आडवा होतोय असं वाटायला लागतं. घरी येऊन सॉफ्टवेअरमध्ये रेषा सरळ करता येतात, मीही करते. पण फार कललेला फोटो सरळ केला की वरचा भाग ताणला जातो, तपशील पातळ होतात, दोन्ही बाजूंचे त्रिकोण कापावे लागतात आणि नेमकी बाजूची कमान कात्रीत सापडते. थोडं कललेलं असेल तर निभावतं.

जुन्या लोकांनी हे दुखणं मुळातूनच काढलं होतं. मोठ्या प्लेटच्या कॅमेऱ्यात लेन्सची पाटीच वर उचलायची सोय असायची. कॅमेरा सरळ, लेन्स वर. छोट्या कॅमेऱ्यांसाठी निकॉनने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला अशीच सरकणारी ३५ एमएमची शिफ्ट लेन्स काढली, कॅननने १९७३मध्ये शिफ्टला टिल्टची, म्हणजे लेन्स तिरकी करायच्या सोयीची, जोड दिली. आज आमच्यातले लोक ज्यांचं नाव आदराने घेतात त्या कॅननच्या १७ आणि २४च्या टीएस-ई लेन्स २००९च्या, निकॉनची १९ची पीसी लेन्स २०१६ची. साध्या फुल फ्रेम लेन्सला ४३ मिलिमीटर व्यासाचं चित्र पाडलं की पुरतं. कॅननच्या या दोघी ६७ मिलिमीटरचं पाडतात, आणि त्या जास्तीच्या जागेत लेन्स १२ मिलिमीटर वर सरकते. हे १२ आपल्या गणितात मिळवा: १२ अधिक १२, भागिले २४. आला एक. १६७ मीटरचे ८४ झाले.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती दुकानदार सांगत नाही. तीच शिफ्ट लेन्स क्रॉपवर लावली तर ७.८ अधिक १२, भागिले २४, म्हणजे ०.८२. अंतर १०१ मीटर. शिफ्ट नसताना दोन सेन्सरमध्ये ९० मीटरचा फरक होता, शिफ्ट लावल्यावर तो १७वर आला. सरकायला दोघांना तेच १२ मिलिमीटर मिळतात, पण लहान सेन्सरच्या उंचीच्या मानाने ते फार मोठे ठरतात. उंचीत क्रॉप असा जवळजवळ बरोबरीला येतो. मार खातो तो आडव्या अंगाला. ३० मीटरवर उभं राहून फुल फ्रेम २४वर ४५ मीटर रुंदीचा दर्शनी भाग घेतो, क्रॉप २९ मीटरचा. म्हणून राजाबाईसारख्या उभ्या, सडसडीत इमारतीला क्रॉपवरची शिफ्ट छान साथ देते. सीएसएमटीसमोर ती तोकडी पडते. फ्रेडरिक स्टीव्हन्सने ते स्टेशन असं ऐसपैस पसरवलंय की दोन-तीन फ्रेम जोडल्याशिवाय पंखांसकट घुमट येत नाही, आणि फ्रेम जोडायच्या म्हटलं की मधूनच बेस्टची बस जाते. अर्धी बस एका फ्रेममध्ये, अर्धी दुसरीत.

क्रॉपवाल्यांसाठी आणखी एक आडवाट आहे. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेली, क्रॉप बॉडी असेल तर बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारे, शिफ्ट करणारे अडॅप्टर मिळतात. त्यावर फिल्मच्या काळातली जुनी मॅन्युअल २० एमएम चढवायची. ती लेन्स पाडते ४३ मिलिमीटरचं चित्र, आपल्या सेन्सरचा कर्ण जेमतेम २८चा. उरलेल्या जागेत आडव्या फ्रेमला १० मिलिमीटरपर्यंत लेन्स वर सरकवता येते. कोपरे मऊ येतात, लेन्सचं छिद्र एफ ११पर्यंत लहान करावं लागतं, फोकस हाताने. पण शिफ्टचं काम नव्या शिफ्ट लेन्सच्या किमतीच्या लहानशा हिश्शात होतं. फुल फ्रेमवर हा खेळ जमत नाही, कारण तिथे सरकायला जास्तीची जागाच उरत नाही.

आणि ज्याला तेही परवडत नाही त्याच्यासाठी गरिबाची शिफ्ट: क्रॉपवर १० एमएम, फ्रेम उभी म्हणजे सेन्सरची लांब बाजू उंचीला, कॅमेरा ओळंब्यात. ११.७५ भागिले १०, १.१७. फुल फ्रेमवरच्या २४च्या शिफ्टपेक्षाही जास्त! फोटोच्या खालच्या अर्ध्यात रस्ता, टॅक्स्या, भेळवाल्याची छत्री, ते सगळं कापून टाकायचं. २४ मेगापिक्सेलमधले १२ उरतात. ए३ची छपाई त्यात निघते. होर्डिंगच्या आकाराचं कुणी मागत नाही, आणि मागितलं तर त्यांच्याकडे फुल फ्रेमच्या भाड्याचे पैसे असतात.

हे सगळं गणित जिथे हात टेकतं ती जागा म्हणजे गिरगाव. तिथल्या एका चाळीच्या रहिवाशांना पाडकामाआधी चाळीचे नीट, सरळ रेषांचे फोटो हवे होते. चाळ तळमजला अधिक तीन, साधारण १४ मीटर उंच. समोरची गल्ली ६ मीटरची. १७ची शिफ्ट भाड्याने आणावी का म्हणून गणित केलं: उभ्या फ्रेमला १८ अधिक १२, भागिले १७, आले १.७६. सहा मीटरवर साडेदहा मीटर, त्यात कॅमेऱ्याची दीड मीटर उंची मिळवली तर १२. म्हणजे मोठी फुल फ्रेम बॉडी आणि त्या घराण्यातली सगळ्यांत वाइड लेन्स लावूनही छप्पर आणि पन्हळीखालची लाकडी झालर बाहेर. रहिवाशांना तर नेमकी ती झालर हवी होती.

तेव्हा समोरच्या चाळीत चढले. पहिल्या मजल्यावरून छप्पर जात होतं, दुसऱ्यावरून बसेल असं वाटलं. गॅलरीत एक आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"आजी, तुमच्या गॅलरीतून समोरच्या चाळीचा फोटो काढू का?"

"काढ की. थांब, आधी दोरीवरचे कपडे काढते." त्यांनी आमच्यापुढचे टॉवेल आणि परकर भराभर ओढून घेतले. समोरच्या तिन्ही मजल्यांवर पण धुणं लटकत होतं, मी तिकडे बघत राहिले तशा म्हणाल्या, "त्यांचे राहू देत. आम्हाला रोज तेच दिसतात."

कठड्याच्या लाकडावर क्रॉप बॉडी टेकवली, १० एमएम, फ्रेम उभी. वर सात मीटर, खाली सात मीटर. झालर आली, कौलं आली, तिन्ही गॅलऱ्यांचे खांब ओळंब्यात आले. खालचा मीटरभर तेवढा गेला, आणि तिथे स्कुटरी आणि पाण्याची पिंपंच होती. चहाचा कप कठड्यावर माझ्या कोपराजवळ आला तेव्हा मी शटरवरचं बोट काढलं. त्या फोटोला जी उंची लागली ती कुठल्याही कंपनीच्या कॅटलॉगमध्ये नाही, दुसऱ्या मजल्यावरच्या आजींकडे होती.

खोल्यांच्या आतलं प्रकरण वेगळं. दहा बाय बाराच्या खोलीत कोपऱ्यात पाठ लावून उभं राहिलं आणि दोन्ही बाजूंच्या भिंती हव्या असल्या, तर ९० अंशांचा कोन लागतो. फुल फ्रेमवर तो १८ एमएमला मिळतो, क्रॉपवर १२ला. दोन्हीकडे तशा लेन्स आहेत, म्हणजे सेन्सरचा प्रश्न मिटला. नवा प्रश्न असा की तसा फोटो काढावा का? मी काढला आणि तिथल्या वहिनींना स्क्रीनवर दाखवला. त्यांनी मान वाकडी करून पाहिलं. "ही आमची खोली? एवढी मोठी असती तर रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही कशाला केली असती?"

त्यांचं बरोबर होतं. इतक्या जवळून इतका रुंद फोटो घेतला की समोरची भिंत लांब पळते, मोरीचा कट्टा मैलभर दिसतो आणि कडेचं गोदरेजचं कपाट फुगून दुप्पट होतं. बिल्डरांच्या ब्रोशरमधले सॅम्पल फ्लॅट याच विद्येवर उभे असतात. फुल फ्रेम घ्या, क्रॉप घ्या, या विद्येत दोघेही सारखेच पारंगत. मी हल्ली घरांच्या आत फुल फ्रेमच्या २४हून रुंद शक्यतो जात नाही. क्रॉपवर १६. चाळीत एक सोय आहे, दारं दिवसभर उघडी असतात. बाहेर गॅलरीत उभं राहून दारातून आत बघितलं की तीन-चार फूट जास्तीचे मिळतात, आणि शेजारीही रोज ती खोली तिथूनच बघत असतात.

राहिला अंधार. कागदावर इथे फुल फ्रेम सरळ जिंकतो: सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोनपट, म्हणजे प्रकाशाचा एका स्टॉपहून जरा जास्त फायदा. एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. पण इमारत कुठे पळून जात नाही. ट्रायपॉड लावा, आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १००वर ठेवा, चार सेकंदांचं एक्स्पोजर द्या, दोन सेन्सरमधला फरक भिंग लावून शोधावा लागतो. डेप्थ ऑफ फील्डमध्ये तर आम्हाला क्रॉपच सोयीचा, एफ ८लाच समोरच्या कठड्यापासून मागच्या घुमटापर्यंत सगळं धारदार.

फक्त एक अडचण आहे: मुंबईत ट्रायपॉड लावू देत नाहीत. त्याचे पाय उघडायच्या आत सिक्युरिटीवाला हजर. "मॅडम, परमिशन?" शेजारी पन्नास जण मोबाइलवर तीच इमारत काढत असतात, त्यांना कुणी विचारत नाही. तीन पाय दिसले की तुम्ही शूटिंगवाले. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींवर दिवे लागतात तेव्हा आकाश जेमतेम वीस मिनिटं निळं असतं, आणि ती वीस मिनिटं या चर्चेत जातात. तेव्हा हातात धरून, आयएसओ ३२००वर काढताना, तो एक स्टॉप मला हवाहवासा वाटतो. फुल फ्रेमच्या बाजूने मी मनापासून बोलते ते इथे. त्यातही हल्लीच्या बॉडींच्या आत सेन्सर सावरणारी यंत्रणा असते, अर्ध्या सेकंदाचा फोटो भिंतीला खांदा टेकून निघतो. म्हणजे हाही फायदा हळूहळू झिजतोय.

वजनाचं कुणी बोलत नाही. १७ची ती टीएस-ई एकटी ८२० ग्रॅमची, पुढची काच फुगीर, तिला साधा फिल्टर बसत नाही. ती छातीशी धरून सकाळच्या विरार लोकलमधून कुणी चर्चगेटला उतरून दाखवावं. पावसाळ्यात काचेला बुरशी लागते ती वेगळीच. लेन्स महाग असो की स्वस्त, बुरशी भेदभाव करत नाही, ड्राय बॉक्स घ्यावाच लागतो.

तर भाच्याला मी काय सांगितलं? आधी लेन्स ठरव, बॉडी तिच्यामागून येऊ दे. आयुष्यभर दर्शनी भागांची कामं करायची असतील, कमाईतून शिफ्ट लेन्स घ्यायची असेल, तर फुल फ्रेम घे, कारण त्या लेन्स त्याच मापाला बनतात आणि २४ची लेन्स तिथे २४च राहते. दोन वर्षं कॉलेजचं डॉक्युमेंटेशन करायचं असेल तर आहे ती बॉडी ठेव, १०पासून सुरू होणारी सेकंडहँड झूम घे, व्ह्यूफाइंडरमध्ये ग्रिड आणि लेव्हल चालू कर. थीसिसच्या वेळी शिफ्ट लेन्स आणि फुल फ्रेम दोन दिवस भाड्याने आण. आणि गणिताचं ते पान फाडू नकोस.

त्याने ऐकलं. फोर्टातून १०-२० घेतली, सौदाही चांगला केला. वाचलेल्या पैशांतून कार्बन फायबरचा ट्रायपॉड घेतला म्हणे. तो मुंबईत उघडणार कुठे, ते त्याने मला अजून सांगितलेलं नाही.